मध, अंडीं आणि ऋतूचें फळ

पक्वान्न या विषयावर भाषण करण्यासाठीं एका सेवानिवृत्त शिक्षकानें ध्वनिक्षेपकासमोर बसावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. पाकशास्त्रांतला अधिकार ज्याच्या हातीं पळी त्याचा, हें मला मान्य आहे. परंतु आजचा पदार्थ हाताच्या सवयीइतकाच तराजू, उष्णतामापक आणि घड्याळ यांवर अवलंबून आहे; आणि या तीन वस्तूंशीं शाळेच्या प्रयोगशाळेंत माझा तीस-पस्तीस वर्षें संबंध आला. त्या परिचयाच्या बळावरच मी हें धाडस करीत आहें.

इटली देशांत या पदार्थास ‘सेमिफ्रेद्दो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे : अर्धें गार. पदार्थ गोठलेला असतो, पण दगडासारखा होत नाहीं. सुरी त्यांत सहज शिरते, वडी उभी राहते, आणि जिभेवर ठेवतांच ती विरघळून जाते. फ्रीझरमधून काढलेलें आइस्क्रीम आणि हा पदार्थ सारखेच थंड असले, तरी तोंडास हा कमी थंड लागतो. तो कमी थंड कां लागतो, तो घरीं कसा करावा, आणि करतांना कोणती काळजी घेतल्यावांचून तो घरांतल्या माणसांपुढें ठेवूं नये, या तीन प्रश्नांचीं उत्तरें देण्याचा मी प्रयत्न करणार आहें.

प्रथम थोडा इतिहास. इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेटावर एटना नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. पोटांत अग्नि आणि माथ्यावर हिम, असा त्याचा थाट. या पर्वतावरचें हिम हिवाळ्यांत खड्ड्यांतून व गुहांतून दाबून ठेवावयाचें आणि उन्हाळ्यांत विकावयाचें, हा तेथील जुना व्यापार होता. तें हिम गलबतांतून माल्टा बेटापर्यंतही जात असे. परंतु नुसत्या हिमानें पेय गार होईल, तें गोठणार नाहीं. त्यासाठीं हिमांत मीठ मिसळावें लागतें. मीठ मिसळलें कीं बर्फ वितळूं लागतो, वितळण्यास लागणारी उष्णता तो आजूबाजूनें ओढून घेतो, आणि मिश्रणाचें उष्णतामान शून्याखालीं सुमारें २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. आपल्याकडे लांकडी बादलींत बर्फ आणि खडेमीठ भरून हातानें फिरविण्याचें जें आइस्क्रीमचें पॉट असे, त्याचें मर्म हेंच. नेपल्स येथें आन्तोनिओ लातिनी नांवाच्या एका कारभाऱ्यानें १६९२ व १६९४ या सालीं दोन खंडांत जो पाकग्रंथ छापला, त्यांत दुधाच्या गोठविलेल्या सरबताची कृति आहे. पुढें १८९१ सालीं पेल्लेग्रिनो आर्तुझी यानें फ्लॉरेन्समध्यें आपलें सुप्रसिद्ध पाकपुस्तक प्रसिद्ध केलें. हा गृहस्थ धंद्यानें आचारी नव्हता, रेशमाचा व्यापारी होता. पहिल्या आवृत्तींतील ४७५ कृति वाढत वाढत त्याच्या हयातींतच ७९० झाल्या. पाकशास्त्रावर लिहिण्यास हातांत झारा धरूनच जन्मावें लागतें असें नाहीं, एवढा दिलासा मला या उदाहरणानें मिळतो.

सेमिफ्रेद्दोचें मूळ ‘झाबायोने’ नांवाच्या दुसऱ्या एका इटालियन पदार्थांत शोधतां येतें. अंड्याचे बलक, साखर आणि मार्साला नांवाचें मद्य मंद वाफेवर फेटीत राहावयाचें, म्हणजे दाट, फिकट पिवळा फेंस तयार होतो. त्यांत साखरेऐवजीं मध घातला, मद्य वगळलें, गार झाल्यावर फेंटलेली साय मिसळली आणि तें सारें गोठविलें, कीं आपला पदार्थ झाला.

आतां ‘अर्धें गार’ याचें कारण पाहूं. आइस्क्रीम गोठत असतांना तें सारखें ढवळावें लागतें. ढवळण्याचे हेतु दोन : बर्फाचे स्फटिक मोठे होऊं द्यावयाचे नाहींत, आणि मिश्रणांत हवा कोंडावयाची. सेमिफ्रेद्दो ढवळीत नाहींत. कारण हवा त्यांत आधींच भरलेली असते. फेंटलेल्या बलकांत आणि फेंटलेल्या सायींत असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. हवा ही उष्णतेची मंद वाहक. म्हणून जिभेची उष्णता पदार्थांत एकदम शोषली जात नाहीं आणि दांत कळवळत नाहींत. येथें आपल्या कुल्फीची आठवण होणें स्वाभाविक आहे. कुल्फीही न ढवळतां गोठविली जाते. परंतु तिच्यांत दूध आटविलेलें असतें, हवा जवळजवळ नसते. म्हणून ती घट्ट, जड आणि चावून खाण्याजोगी होते. दोघी स्थिर गोठतात, पण एकीचें बळ आटविण्यांत आहे, दुसरीचें फेंटण्यांत.

दुसरें कारण मधाचें. पाण्यांत कोणताही विद्राव्य पदार्थ विरघळला कीं पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं, त्याखालीं गोठतें. किती खालीं, हें विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतें. साध्या साखरेच्या रेणूचा भार ३४२, तर मधांतील द्राक्षशर्करा व फलशर्करा यांच्या रेणूचा भार १८०. म्हणजे सारख्याच वजनांत या शर्करांचे रेणू जवळजवळ दुप्पट असतात. मधांत सुमारें अठरा टक्के पाणी असतें तें वजा केलें, तरी तोळ्यास तोळा मध हा साखरेच्या सुमारें दीडपट परिणाम करतो. म्हणून मधाचा सेमिफ्रेद्दो फ्रीझरच्या शून्याखालीं अठरा अंशांतही मऊ राहतो. आणि म्हणूनच, गोड आवडतें म्हणून मध अंदाजानें वाढविला, तर तो दुसऱ्या दिवशींही वाटींत पळीवाढा राहील. ‘थोडासा अधिक’ ही सवय या पदार्थास सोसत नाहीं.

आतां कृति. आठ माणसांसाठीं पांच अंड्यांचे बलक, सव्वाशें ग्रॅम मध, तीनशें मिलिलीटर दाट क्रीम, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एवढें साहित्य लागतें. क्रीमविषयीं एक सूचना आवश्यक आहे. भाजींत घालण्यासाठीं जें साधें क्रीम पाकिटांत मिळतें, त्यांत बहुधा पंचवीस टक्के स्निग्धांश असतो. तें कितीही फेंटलें तरी उभें राहत नाहीं. पाकिटावर तीस-पस्तीस टक्के स्निग्धांश लिहिलेला पाहूनच घ्यावें. घरच्या दुधावरची साय घेण्याचा मोह होईल. पण ती फेंटतां फेंटतां लोणी केव्हां होते तें कळतही नाहीं.

एका रुंद पातेल्यांत दोन बोटें पाणी तापत ठेवावें. पाणी खळखळूं नये, नुसतें हलत असावें. त्यावर दुसरें भांडें असें बसवावें कीं त्याचा तळ पाण्यास टेकणार नाहीं. या भांड्यांत बलक, मध आणि मीठ घालून बीटरनें एकसारखें फेटीत राहावें. पहिल्या दोन-तीन मिनिटांत मिश्रण पातळ आणि गडद दिसतें, आणि नवशिक्याचा धीर सुटतो. धीर सोडूं नये. हळूहळू रंग फिका होतो, आकार दुप्पट-अडीचपट वाढतो, आणि बीटर उचलला असतां खालीं पडणारी धार फितीप्रमाणें क्षणभर पृष्ठभागावर उठून दिसते. येथें उष्णतामापक बुडवून पाहावा. पारा एकाहत्तर अंशांपर्यंत चढला पाहिजे. पंचाहत्तरापर्यंत गेला तरी चालेल. त्याहून फार पुढें गेल्यास बलक शिजून कण धरूं लागतात. इष्ट अंश गांठतांच भांडें खालीं उतरवावें, थंड पाण्याच्या परातींत ठेवावें, आणि मिश्रण पूर्ण गार होईपर्यंत फेटीत राहावें. गरम मिश्रणांत क्रीम घातलें तर तें वितळतें आणि सारी हवा निघून जाते. शेवटीं लिंबाचा रस घालावा.

दुसऱ्या भांड्यांत थंड क्रीम फेंटावें. त्याचीं टोकें उभीं राहून किंचित् वांकतील इतकेंच; ताठ झालें कीं पुढें तें मिसळत नाहीं. प्रथम तिसरा हिस्सा क्रीम मिश्रणांत नीट मिसळून तें सैल करावें. मग उरलेलें क्रीम घालून रुंद चमच्यानें तळापासून वर, तळापासून वर, असें हलक्या हातानें उलटावें. ढवळूं नये. लांबट डब्यास आंतून बटर पेपर लावून त्यांत मिश्रण ओतावें, वरून झांकावें, आणि रात्रभर फ्रीझरमध्यें ठेवावें. सहा तासांपेक्षां कमी वेळ पुरत नाहीं. वाढण्यापूर्वीं पंधरा मिनिटें डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यांत आणून ठेवावा आणि गरम पाण्यांत बुडवून पुसलेल्या सुरीनें वड्या कापाव्या.

मध कोणता घ्यावा, हा रसिकांचा प्रश्न. इटलींत या बाबतींत मोठी निवड असते. रोबिनियाच्या फुलांचा मध, ज्यास तेथें अकाशियाचा म्हणतात, फिका व सौम्य असतो, आणि त्यांत फलशर्करा अधिक असल्यामुळें तो लवकर कणीदार होत नाहीं. चेस्टनटचा मध काळसर आणि कडवट. सिसिलींत संत्र्याच्या मोहोराचा मध सुगंधी. आणि सार्डिनिया बेटावर कोर्बेझ्झोलो नांवाच्या झुडपाचा मध तर इतका कडू कीं प्रथम चाखणारा तोंड वांकडें करतो. सौम्य मध घेतला तर फळाचा स्वाद पुढें येतो, उग्र घेतला तर मधाचा. आपल्याकडेही महाबळेश्वरच्या रानांतील जांभळीचा मध आणि हिरड्याचा मध यांची चव निराळी असते. आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें जेव्हां कारवी फुलते, तेव्हां तिचा मध हा एक दुर्मिळ लाभ असतो. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें खेडें २०२२ सालच्या मे महिन्यांत ‘मधाचें गांव’ म्हणून घोषित झालें, हें आपणांस ठाऊक असेल.

मधाच्या शुद्धतेविषयीं घरोघर ज्या कसोट्या चालतात, त्यांवर मात्र विसंबूं नये. पाण्यांत टाकलेला थेंब न विरतां तळाशीं गेला म्हणजे मध खरा, असें म्हणतात. पण साखरेचा दाट पाकही तसाच तळाशीं जातो. उलट, बाटलींत कण धरलेला मध भेसळीचा समजून पुष्कळ लोक टाकून देतात. तें द्राक्षशर्करेचें स्वाभाविक स्फटिकीभवन आहे. बाटली कोमट पाण्यांत ठेवली कीं मध पूर्ववत् होतो. खात्रीच्या मधपाळाकडून घेणें हीच त्यांतल्या त्यांत बरी कसोटी. आणि एक लहानसें गणित सांगतों. एक कामकरी माशी आपल्या सबंध आयुष्यांत चहाच्या चमच्याच्या सुमारें बाराव्या हिश्श्याइतका मध करते, असा अदमास आहे. आपले सव्वाशें ग्रॅम म्हणजे अदमासें अठरा चमचे. अठरा गुणिलें बारा, दोनशें सोळा. एका डब्यासाठीं दोनशेंहून अधिक माश्यांचें आयुष्य खर्ची पडतें. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे वजन करतांना हात आपोआप जपून चालतो, आणि भांडें खरवडून घ्यावेंसें वाटतें.

आतां फळ. इटालियन गृहिणी या पदार्थाबरोबर ऋतूंत जें असेल तें देते : वसंतांत स्ट्रॉबेरी, ऐन उन्हाळ्यांत पीच, सप्टेंबरांत अंजीर. येथें पुष्कळांची एक चूक होते. फळाच्या मोठ्या फोडी मिश्रणांतच घालून गोठविल्या जातात. ताज्या फळांत शेंकडा ऐंशी ते नव्वद भाग पाणी असतें. त्या फोडींचे बर्फाचे खडे होतात, आणि मऊ वडींत दांताखालीं खडा आल्यासारखें वाटतें. म्हणून दोन मार्ग आहेत. एक, फळाचा गर मंद आंचेवर आटवून, गार करून, डब्यांत मिश्रणाच्या दोन थरांमध्यें रेषेसारखा घालावा. दुसरा, आणि माझ्या मतें अधिक चांगला, फळ मुळींच गोठवूं नये; चिरून, चमचाभर मध आणि लिंबाचे चार थेंब लावून अर्धा तास ठेवावें, आणि वडीच्या शेजारीं वाढावें. त्या फळाचा सुटलेला रस, गार वडी आणि न गोठलेली फोड हीं तिन्ही एका घांसांत आलीं म्हणजे पदार्थाचें नांव सार्थ होतें. आपल्या ऋतुचक्रांत हिवाळ्यांत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्याच्या तोंडीं पुरंदरचीं अंजिरें, मे महिन्यांत हापूस, पावसाच्या प्रारंभीं जांभळें, आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सीताफळ, अशी ही पंगत वर्षभर चालेल. सीताफळाचा गर मात्र बिया काढून थेट मिश्रणांत घालावा. तो मुळांतच सायीसारखा आहे. हापूस शेजारीं वाढतांना त्यास मध लावण्याचें कारण नाहीं. त्यास कोणाच्या गोडीची उसनवारी लागत नाहीं.

येथपर्यंत रुचीचा विचार झाला. आतां जें सांगणार आहें, तें अधिक महत्त्वाचें आहे.

पहिली गोष्ट अंड्यांची. जुन्या कृतींतून कच्चे बलक तसेच फेंटून गोठविण्याची चाल आढळते, आणि ‘गोठल्यावर जंतु मरतात’ असा समज सुशिक्षित घरांतही आहे. तो चुकीचा आहे. अंड्यांतून येणारे साल्मोनेला नांवाचे जंतु थंडीनें निपचित पडतात, मरत नाहींत. वडी पोटांत गेली कीं ते पुन्हां जागे होतात. प्रकृतीनें धडधाकट माणूस दोन-चार दिवसांच्या जुलाबावर सुटतो. परंतु लहान मूल, गर्भवती स्त्री आणि वृद्ध मनुष्य यांच्या जिवावर बेतूं शकतें. मघाशीं मीं जो एकाहत्तर अंशांचा आग्रह धरला, तो याच कारणास्तव. उष्णतामापक नसेल, तर हा पदार्थ या तिघांस देऊं नये. एका उष्णतामापकाची किंमत एका डब्याच्या साहित्याहून फारशी अधिक नसते.

दुसरी गोष्ट तान्ह्या मुलांची. एक वर्षाच्या आंतील बालकास मध कोणत्याही रूपांत देऊं नये. बोटभर चाटवूंही नये. मधांत क्वचित् बोट्युलिझम या विकाराच्या जंतूंचे बीजकण असतात. मोठ्यांच्या आंतड्यांत त्यांचें कांहीं चालत नाहीं, तान्ह्याच्या आंतड्यांत ते रुजतात आणि स्नायु लुळे पाडणारें विष निर्माण करतात. घरगुती आंचेनें हे बीजकण मरत नाहींत. आपल्या घरांतून बाळास मध चाटविण्याची चाल प्रेमाची आणि जुनी आहे, हें मी जाणतों. परंतु चाल प्रेमापोटीं आली असेल, तर प्रेमापोटींच ती सोडतांही येते.

तिसरी गोष्ट वादाची. ‘मध तापवूं नये’ असें आपलीं वडील माणसें सांगत आलीं, आणि चरकसंहितेंतही उष्ण मधाचा निषेध आहे. आधुनिक रसायनशास्त्र असें सांगतें कीं मध तापविला असतां, तसाच फार दिवस सांठविला असतां, त्यांत एक विशिष्ट द्रव्य वाढतें व सुगंध उणावतो. आंतरराष्ट्रीय मानकांत त्या द्रव्यास किलोमागें ४० मिलिग्रॅमची, आणि उष्ण प्रदेशांतील मधास ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. दहा मिनिटें सत्तर-पंचाहत्तर अंशांवर ठेवलेला मध विष होतो, असें मात्र तें शास्त्र म्हणत नाहीं. तथापि घरांतील वृद्धांशीं या विषयावर वाद घालून त्यांस ताटावरून उठवावें, असें मला वाटत नाहीं. कारण येथें वादाची गरजच नाहीं. बलक पन्नास ग्रॅम साखर आणि दोन चमचे संत्र्याचा रस घालून वाफेवर फेंटावे, गार करावे, आणि मग त्यांत ऐंशी ग्रॅम मध न तापवितां मिसळावा. वडी किंचित् अधिक घट्ट होते. पण मधाचा सुगंध उलट अधिक टिकतो. आजीचा नियम आणि जिभेचा लाभ येथें एकाच बाजूस उभे आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न. ज्या घरीं कांहीं माणसें अंडें खातात आणि कांहीं खात नाहींत, तेथें काय करावें? अशीं घरें आतां पुष्कळ आहेत. एकाच टेबलावर एकास पक्वान्न आणि दुसऱ्यास नुसतीं फळें, हा पंक्तिभेदच होय. त्यांच्यासाठीं दोनशें ग्रॅम चक्का कपड्यांतून गाळून घ्यावा, त्यांत शंभर ग्रॅम मध मिसळावा, आणि अडीचशें मिलिलीटर फेंटलेलें क्रीम वर सांगितल्याप्रमाणें हलक्या हातानें उलटून निराळ्या डब्यांत गोठवावें. बीटर व भांडीं अर्थातच निराळीं. हा इटलीचा सेमिफ्रेद्दो नव्हे, आणि त्यास तें नांव देऊं नये. अंड्याचा गुळगुळीतपणा त्यास येत नाहीं, त्याऐवजीं श्रीखंडाची किंचित् आंबट आठवण येते. परंतु वडी तशीच कापतां येते, फळही तेंच शेजारीं असतें, आणि सर्वांचे चमचे एकाच वेळीं ताटलींत वाजतात. आमंत्रण देतांनाच कोणता डबा कोणासाठीं हें मनांत ठरवावें, आणि वाढतांना प्रत्येकास उघडपणें सांगावें. पाहुण्यास न सांगतां अंडें खाऊं घालणें हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे; तशी थट्टाही करूं नये.

श्रोतेहो, पक्वान्नाची चव जीभ ठरविते. परंतु तें कोणापुढें, कसें आणि किती काळजीनें ठेवलें, यावरून घराची चव ठरते. येत्या रविवारीं बाजारांत जें फळ ऐन बहरांत दिसेल तें आणा, काट्यावर मध तोला, आणि शनिवारीं रात्रींच डबा फ्रीझरमध्यें ठेवावयास विसरूं नका.